पेडलची हळद

नोएल मस्कारेन्हस आमच्या कारखान्यात आला त्या सकाळी उपेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कारखाना म्हणजे पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीतला पत्र्याचा गाळा. तिथे इस्त्री पहिल्या चहापर्यंत टिकते. पण मी काही बोलले नाही. लग्न ठरल्यावर ज्याची कॅसेट लावून उपेंद्रने मला पहिल्याच भेटीत तासभर गप्प बसवलं होतं, तो गिटारवाला स्वतः मुंबईहून येणार होता. अशा वेळी बायकोने शर्टाबद्दल बोलू नये.

उपेंद्र दिघे हा माझा नवरा. घरी मी त्याला 'अरे' म्हणते आणि कारखान्यात 'अहो' म्हणायचे. तारा जोडायला तिथे दोन बायका कामाला होत्या, त्यांच्यासमोर मालकाचा मान राखणं भाग होतं. आम्ही गिटारच्या बारीकसारीक वस्तू बनवत होतो. सुरुवात झाली तारा छेडायच्या प्लास्टिकच्या टिकलीपासून. गिटारवाले तिला पिक म्हणतात. पहिली पिक उपेंद्रने माझ्या नव्या साबणाच्या डबीच्या झाकणातून कापली. ती चांगली निघाली, म्हणून मग डबीही गेली. पुढे गिटार गळ्यात अडकवायचे पट्टे आले, ते मी शिवायचे. मग केबल आल्या. आणि शेवटी आलं ते पेडल, ज्याच्यापायी त्याने रसायनीच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडली.

पेडल म्हणजे पायाशी ठेवायची एक लोखंडी पेटी. गिटारची केबल तिच्यात खुपसायची, वरचं बटण पायाने दाबायचं, की गिटारचा घंटेसारखा गोड आवाज फुगतो, फाटतो आणि गुरगुरायला लागतो. चांगला आवाज बिघडवायला एवढी विद्या कशाला लागते, असं माझ्या सासूबाई विचारायच्या. हा बिघाड नाही, असं उपेंद्र म्हणायचा. मग काय आहे, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने त्यांना शेवटपर्यंत दिलं नाही.

त्या पेडलचं नाव त्याने 'टायफून टू' ठेवलं होतं. टायफून वन कधी नव्हतंच. दुकानदाराला कंपनी जुनी वाटावी, म्हणून त्याने थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली होती.

ही पेडलं मुंबईची रॉक वाजवणारी पोरं घेतील असा त्याचा बेत होता. पोरं यायची, वाजवून बघायची, मनापासून तारीफ करायची आणि घरी जाऊन दुबईच्या मामाला परदेशी पेडल आणायला सांगायची. घ्यायचे ते बेंजोवाले. आमच्या रायगडात हळद असो, साखरपुडा असो की पालखी, बेंजो पार्टीशिवाय होत नाही. बेंजो म्हणजे फळीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. ह्या मंडळींना टायफून टूचा पत्ता कसा लागला कोण जाणे, पण एकाने नेलं आणि मग उरणपासून अलिबागपर्यंत गावोगावचे बेंजोवाले आमच्या दारात येऊ लागले.

उपेंद्र त्यांना पेडल द्यायचा, पण डॉक्टरने वैदूला औषध द्यावं तसा चेहरा करून. ते गेले की म्हणायचा, "शैला, हे मी ह्यांच्यासाठी नाही बनवलेलं." मी म्हणायचे, त्यांना सांगू नकोस.

त्यात त्यांची पेडलं दुरुस्तीला परत येत. प्रत्येकाचा रोग तोच. बटण अडकलेलं, आणि पेटी उघडली की आत पिवळाधम्मक लगदा. हळद. उपेंद्र ती टोकदार चिमट्याने उकरून काढायचा आणि पुटपुटायचा की ही माणसं पेडलवर जेवतात की काय. एकदा त्याने 'पेडल पाण्यापासून व मसाल्यापासून दूर ठेवावे' अशी चिठ्ठी छापून प्रत्येक खोक्यात घातली. हळदीचा जोर कमी झाला नाही.

तर नोएल आला. पन्नाशीचा, केस मागे बांधलेले, बोलायला अगदी मऊ. आमची एकुलती एक बरी खुर्ची त्याला दिली. त्याने स्वतःची गिटार काढली, टायफून टूवर पाय ठेवला आणि बराच वेळ वाजवत राहिला. तारा जोडणाऱ्या दोघी काम थांबवून बघत बसल्या. उपेंद्रला स्वतःला गिटारवर एकच ओळ येत होती आणि गेली काही वर्षं आम्ही सगळ्या तीच ऐकत होतो. त्या पेडलमधून दुसरंही काही वाजू शकतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वाजवणं संपल्यावर नोएल म्हणाला की असा आवाज त्याने ह्या देशात बनलेल्या पेटीतून ऐकला नव्हता. तो हे पेडल कार्यक्रमात वाजवायला तयार होता. पेडलवर त्याची सही छापायलाही तयार होता. नोएल मस्कारेन्हसची सही असलेलं पेडल म्हटल्यावर मुंबईतलं कुठलं दुकान ते ठेवणार नाही?  उपेंद्र नुसती मान हलवत होता, आणि त्याच वेळी दारात बळीराम घरत उभा राहिला.

बळीराम खाजणपाड्याचा. दिवसा मिठागरावर काम आणि लग्नसराईत बेंजो. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पेडल होतं, आणि कागदाला पिवळे डाग.

"वहिनी, परत अरकला बगा," तो हसत म्हणाला. "आनि आयतवारी तर घरचीच हलद हाय. पुतनीची."

मी त्याला पुढच्या बाजूला बसवून चहा दिला. आतून नोएलने विचारलं की हे काय आहे. उपेंद्रने सांगितलं ते पत्र्याच्या भिंतीतून मला स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणाला, काही नाही, लोकल गिऱ्हाईक आहे. मग हळद, बेंजो, मांडव असं सगळं हळूहळू बाहेर आलं. नोएल रागावला नाही. उलट त्याने फार समजुतीने सांगितलं. त्याला बेंजोवाल्यांचं काही वावडं नव्हतं. पण त्याची सही असलेली पेटी हळदीच्या मांडवात दिसली, तर गिटारवाली पोरं तिला हसतील, आणि पोरं एकदा हसली की ती पेटी संपली. तेव्हा दोन्हींतलं एक काय ते ठरवा. बेंजोवाल्यांना विकणं बंद होणार असेल तर त्याची सही घ्या.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपेंद्र हो म्हणाला.

मी बळीरामकडे पाहिलं. तो बशीतून चहा पीत होता आणि पंख्याकडे बघत होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नसावं. निदान मी तसं धरून चालले.

नोएल गेल्यावर उपेंद्रने बळीरामचं पेडल स्वतः साफ केलं. इतक्या नीट त्याने ते पूर्वी कधी केलं नव्हतं. रविवारी ते स्वतः नेऊन द्यायचं आणि त्याच भेटीत सांगून टाकायचं, की यापुढे विक्री नाही, दुरुस्तीही नाही, असं त्याने ठरवलं. पोस्टाने कळव ना, मी म्हटलं. तर म्हणाला, तसं बरं दिसत नाही. मग मला म्हणाला, तू पण चल. वाईट बातमी सांगायची असली की आमच्या ह्यांना शेजारी मी लागते. नोकरी सोडल्याचं सासऱ्यांना सांगतानाही मीच शेजारी होते, आणि शेवटी सांगितलंही मीच.

रविवारी दुपारी उन्हं उतरल्यावर आम्ही स्कूटरवरून निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग. उपेंद्र वाटभर वाक्य घोळवत होता. "बळीराम, धंद्यात काही निर्णय घ्यावे लागतात." थोडं पुढे गेल्यावर, "बळीराम, तू समजूतदार आहेस." मी मागे बसून म्हटलं, समजूतदार म्हटलंस तर तो लगेच ओळखेल.

खाजणपाड्यात घरापुढे मोठा मांडव होता. अर्धं गाव तिथे होतं. बळीरामने आम्हाला पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला की उपेंद्रचं पहिलं वाक्य तिथेच विरलं. कारखान्याचे साहेब हळदीला आले, स्वतः पेटी घेऊन आले, असं त्याने मांडवभर सांगितलं. आम्हाला खुर्च्या मिळाल्या. सरबत आलं. उपेंद्र म्हणाला, "बळीराम, एक सांगायचं होतं." बळीराम म्हणाला, "पयले जेवा."

समोर तांदळाची भाकरी आली आणि खाडीतल्या ताज्या जिताड्याचं कालवण. आता आम्ही सीकेपी. आमच्या माणसाच्या पानात जिताडा वाढला, तर तुम्ही त्याच्याकडची कुठलीही बातमी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवू शकता. उपेंद्रने मान वर केली ती काटे वेचून झाल्यावरच. तोवर बळीराम बेंजो जुळवायला निघून गेला होता.

मी बायकांच्यात जाऊन बसले. नवऱ्या मुलीला पाटावर आणत होते. तिच्या शेजारी दुसऱ्या पाटावर एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला. मी शेजारणीला विचारलं ही कोण. ती बळीरामची आत्या चांगूबाय, असं तिने सांगितलं. आगरी लग्नात धवले म्हणतात, लग्नविधीची लांबच लांब गाणी. ती म्हणणारीला धवलारीण म्हणतात, आणि तिचा मान भटजीइतकाच. पंचक्रोशीत धवलारीण म्हणून चांगूबायचंच नाव होतं. तिने सूर लावला की तो मांडवाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि मध्ये कुठे तुटत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते.

मग आता धवले कोण म्हणतं, मी विचारलं.

"बलीरामचा बेंजो म्हनतंय," शेजारीण म्हणाली. "आमी मागून शब्द जोरतो."

मला तेव्हाही नीट उमगलं नाही. तेवढ्यात विधी सुरू झाला. चांगूबायने हळदीची वाटी घेतली. तेलात कालवलेली, घट्ट, ओली हळद. आधी तिने ती देवाला लावली, मग उखळ-मुसळाला, मग पोरीच्या कपाळाला, गालांना, हातांना. मग ती उठली. दोघींनी तिला धरून बेंजोपाशी नेलं. हळदीच्या प्रत्येक मांडवात लावतात तसं तिने बेंजोच्या फळीला हळदीचं बोट लावलं. आणि मग कष्टाने खाली वाकून तिने बळीरामच्या पायाशी ठेवलेल्या टायफून टूच्या बरोबर बटणावर अंगठा टेकवला आणि हळद अशी दाबून लावली, जशी पोरीच्या कपाळाला लावली होती.

समोरच्या रांगेत उपेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्या बटणाखाली किती बारीक फट आहे आणि त्या फटीतून आता काय खाली उतरतंय, हे त्या मांडवात त्याला एकट्याला माहीत होतं. तो तसाच, ना बसलेला ना उभा, असा राहिला.

बळीरामने चांगूबायच्या कानात काहीतरी सांगितलं. ती उपेंद्रकडे वळली. त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि वाटीत पुन्हा बोटं बुडवली. तिची कुजबूज ऐकायला सगळे गप्प झाले होते.

"ही पेटी केली तो तूच का र?"

उपेंद्रने मान हलवली. तिने त्याच्या कपाळाला आणि दोन्ही गालांना हळद लावली. इस्त्रीचा तोच शर्ट होता. तोही पिवळा झाला.

मग बळीरामने बटण दाबून वाजवायला सुरुवात केली. बेंजोचा सूर एरवी टिचकीसारखा असतो, वाजला की संपला. पण पेडलमधून तो लांबत गेला. जाडा, किंचित खरखरीत, घशातून यावा तसा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताना मध्ये कुठे तुटेना. बायकांनी त्याच्यावर शब्द धरले. चांगूबाय पाटावर परत बसली होती. तिचे ओठ हलत होते आणि बेंजो नेमका त्या ओठांबरोबर चालला होता. ती श्वास घ्यायला थांबली की बळीरामही थांबे. तो तारांकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघून वाजवत होता.

नवरी मुलगी रडायला लागली. तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मी उपेंद्रकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या की तिसऱ्या धवल्यात व्हायचं तेच झालं. खट्ट आवाज आला आणि सूर एकदम मरून टिचकी झाला. बळीरामने पायाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. टिचक्याच. बायका शब्द म्हणत राहिल्या, पण त्यांचा आधार गेला होता. चांगूबायचे ओठ थांबले. ती घाबरली नाही की चिडली नाही. हात मांडीवर ठेवून तिने फक्त खाली पाहिलं.

मी पाहिलं तोवर उपेंद्र चटईवर गुडघे टेकून बसला होता. खिशात स्क्रू-ड्रायव्हर असल्याशिवाय तो कुणाच्या लग्नालाच काय, मर्तिकालाही जात नाही. त्याने पेडलची पाठ उघडली, अडकलेलं बटण उपटून बाजूला टाकलं आणि त्याच्या दोन तारा चिमटीत धरून एकत्र दाबल्या. सूर परत आला. तारा डाग देऊन जोडायला तिथे काहीच साधन नव्हतं. चिमूट सोडली की सूर जाणार होता. म्हणून त्याने ती सोडली नाही. राहिलेले सगळे धवले तो तसाच बेंजोवाल्याच्या पायाशी, पिवळ्या तोंडाने, दोन तारा चिमटीत धरून बसून राहिला. अंगठा भरून आला की हात बदलायचा. तेवढ्यापुरता सूर अडखळायचा आणि मग चांगूबाय त्याच्याकडे बघायची. त्या नजरेला तो माझ्या नजरेपेक्षा जास्त घाबरत होता, हे मला तिथूनही दिसत होतं.

सगळं आटोपल्यावर पोरांनी नाचायची गाणी लावा म्हणून गलका केला. बळीरामने त्यांना थांबवलं आणि उपेंद्रला हात देऊन उठवलं.

"साहेब, तुमी काय तरी सांगनार होताव," तो म्हणाला. "कामात राहूनच गेला."

मी पुढे झाले. आता हेही मलाच सांगावं लागणार, असं माझ्या मनात आलं. उपेंद्रने हातातल्या उघड्या पेडलकडे पाहिलं. मग पाटावर बसलेल्या चांगूबायकडे पाहिलं. ती नवरीचे हात पुसत होती.

"बटण चुकलंय माझं," तो म्हणाला. "हळद लागणार हे धरूनच करायला हवं होतं. बदलून देतो. सगळ्यांचीच देतो."

बळीराम म्हणाला, मग आनि एक भाकरी खा.

परत येताना खाडीचा पूल ओलांडल्यावर मी विचारलं, नोएलला काय सांगणार. तो म्हणाला, जे झालं ते. ते त्याला समजेल का, मी विचारलं. तो म्हणाला, वाजवणारा माणूस आहे, समजायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून फोन लावला. मला ऐकू येत होती ती एकच बाजू. उपेंद्रला गोष्ट सांगायची कला नाही. त्याने आधी बटणाची रचना सांगितली, मग हळदीत तेल किती असतं ते, आणि चांगूबाय अगदी शेवटी आली. मग उपेंद्र दोनदा "हॅलो" म्हणाला. नोएल काय म्हणाला ते उपेंद्रने मला नंतर सांगितलं: सही छापू नका, ते आता जमणार नाही. पण नवं बटण झालं की एक पेडल त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवा. फोन ठेवल्यावर उपेंद्रचं तोंड उतरलं होतं. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ते त्याने आपल्या हाताने परत केलं होतं. आठवडाभर मी त्याला चिडवलं नाही.

पुढे बाजार खुला झाला आणि परदेशी पेडलं दुबईच्या मामाशिवायच दुकानात मिळायला लागली. आमच्याबरोबर सुरुवात केलेले मुंबईचे दोघे-तिघे पेडलवाले त्यात बंद पडले. आम्ही राहिलो, कारण बेंजोवाल्यांना लागतं ते पेडल परदेशात कुणी करत नाही. आज आमची मुलगी कंपनी बघते. तिच्या माहितीपत्रकात आमची पेडलं 'दमट हवामानासाठी खास बनवलेली' असतात. वाचून मला हसू येतं, पण पोरीला धंदा कळतो.

ते नवं बटण व्हायला मात्र अख्खा पावसाळा गेला. उपेंद्र रोज संध्याकाळी घरी एक बटण घेऊन यायचा, वाटीत तेल आणि हळद कालवायचा, अंगठ्याने बटणावर दाबून लावायचा आणि बटण रात्रभर ओट्यावर ठेवायचा. सकाळी ते अडकलेलं असायचं. मग दुसरं. माझा ओटा, वाट्या, पंचे, सगळं पिवळं. सासूबाईंनी विचारलं की घरात कुणाचं लग्न ठरलंय का. हळदीचा डबा मी दोनदा भरला आणि दोनदा रिकामा झाला.

एका संध्याकाळी मी भाजीला फोडणी देत होते. तो शेजारी उभा राहून कालवत होता. हळद पातळ झाली होती, अंगठ्यावरून ओघळत होती. मी थोडा वेळ पाहिलं. मग गॅस बारीक केला आणि वाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"अरे, अशी नसते ती," मी म्हटलं आणि त्याला घट्ट कालवून दिली.